इटलीतला वन्स मोर

भालचंद्र चुरींनी आयुष्यात काही हजार माणसांना देखणं केलं आणि त्यातल्या एकालाही ते जाणवू दिलं नाही. टचिंगवाल्याची, म्हणजे फोटोतले दोष ब्रशाने पुसणाऱ्याची, कला अशीच असते. नाटकात रंगपटातला माणूस नटाच्या चेहऱ्यावरून हात फिरवतो, मागे सरतो आणि टाळ्या नट घेऊन जातो, तसंच. वसईच्या बाजारातल्या न्यू मून फोटो स्टुडिओत सतराव्या वर्षी ते चिकटले आणि स्टुडिओ बंद होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, एकाच खिडकीपाशी बसून राहिले. समोर तिरकी काच, हातात तीन शून्यांचा, केसाएवढ्या टोकाचा ब्रश. ब्रशाचं टोक काढायचं ते ओठांत धरून. त्यामुळे त्यांच्या खालच्या ओठावर मधोमध कायमचा एक काळा ठिपका पडला होता. त्यांना बघायला आलेल्या सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला होता, "मुलगा विडी ओढतो काय हो?"

कुणाच्या गालावरचे देवीचे वण ते पुसत, कुणाचा नेमक्या वेळी मिटलेला डोळा उघडत. जन्मात सदऱ्यापलीकडे काही न घातलेल्या म्हाताऱ्याला मेल्यावर कोट चढवत, आणि तो असा की म्हाताऱ्याची बायकोच शेजारणीला सांगे, "ह्यांना कोट फार शोभायचा." स्टुडिओचे मालक आग्नेल मास्तर उंच, गोरे आणि शिस्तीचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "माणूस जसा आहे तसा फोटो पोलीस काढतात, भालचंद्र. आपल्याकडे माणूस आपल्या पायांनी येतो."

चुरींचा दुसरा उद्योग नाटकाचे पडदे रंगवायचा. वसईपासून अर्नाळ्यापर्यंतच्या हौशी मंडळांना तेव्हा चार पडदे लागत. दरबार, जंगल, रस्ता आणि किल्ला. त्यातला किल्ला चुरींचा हातखंडा. सुटीच्या दिवशी सायकल काढून ते वसईच्या किल्ल्यात जात, छपरं उडालेल्या देवळांसमोर बसत आणि वही भरत. एकूण एक भिंतीतून पिंपळ फुटलेला. पडकी भिंत म्हणजे तिच्यात पिंपळ, हे त्यांच्या डोक्याला ठाऊक होण्याआधी हाताला ठाऊक झालं.

आता वय एक्क्याऐंशी. आगाशीला केळीच्या वाडीमागे जुनं बैठं घर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हाताला थोडा कंप. ब्रश सुटला, पण ओठ मुडपायची सवय सुटली नाही. अशा त्या माणसाच्या दारात गेल्या मार्च महिन्यात एका सकाळी रिक्षा थांबली आणि धोंडूबाईंची एन्ट्री झाली.

धोंडूबाई म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांची आगरी बाई, खाडीकाठच्या गावातली. अंगाने लहान, आवाजाने मोठी. मागे त्यांची नात रोशनी, वसईच्या एका बँकेत नोकरीला, आणि तिच्या दोन्ही हातांत जुन्या चादरीत गुंडाळलेली एक फ्रेम.

"चुरीभाऊ म्हंजे तुमीच ना?" धोंडूबाई ओटीवर टेकल्या. "आग्नेल मास्तराच्या खिरकीत बसायचे, ते?"

"मीच."

"मंग जिवंत हात हे बरं झाला. पानी द्या आधी."

द्वारकाबाईंनी पाणी आणलं, गूळ आणला. रोशनीने चादर सोडली. काचेवर आतून बुरशीची नक्षी, एका कोपऱ्याला वाळवी. पण मधला फोटो शाबूत. पडक्या गल्लीच्या कोपऱ्यावरून तीन शिपाई वाकून धावत येताहेत. डोक्याला लोखंडी टोप, हातात बंदुका. सर्वांत पुढे एक काळासावळा, बारीक मिशीचा तरुण, डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, पलीकडे कुठेतरी.

"माजा बापूस. शत्रुघ्न गोमा भोईर. म्हराठा पलटनीत होता, दुसऱ्या म्हायुद्धात. फोटू इटलीचा हाय. कोन काय पन बोलो."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा जोरात म्हटलं. का, ते रोशनीने सांगितलं. गावच्या वेशीवर एक संगमरवरी पाटी बसवायची ठरली होती. गावातून लढाईला गेलेले चार जण, त्यांची नावं, प्रत्येकाचा फोटो. तिघांचे फोटो ठरले होते. चौथ्याचा, म्हणजे शत्रुघ्नांचा, अडला होता. कमिटीचा अध्यक्ष कल्पेश घरी येऊन हळूच सांगून गेला होता: आत्या, नाव घालू, फोटो नको. लोक हसतील.

"हसतील का?" चुरींनी विचारलं.

"कारन गाव बोलतंय का ह्यो फोटू वसईच्या किल्ल्यात काढलेला हाय." धोंडूबाईंनी बोटाने काचेवर टकटक केलं. "बापूस लढायला गेलाच नाय, देवळालीच्या छावनीत बटाटे सोलले आनि येताना किल्ल्यात उभा राहून फोटू काढला, असं. माज्या लग्नात पयल्यांदा बोल्ले. फोटू मांडवात लावलेला, नवऱ्याकडचा एक जन उठला, 'अरे, ह्यो त आपला किल्ला!' संपला. तवापासून आमचं घर किल्लेदाराचं घर. सासू माना हाक मारायची, 'ए किल्लेदाराची धोंडू.' पोरं जन्माला आली ती किल्लेदाराची नातवंडं. बापूस मेला त्याला तीस वर्सं होऊन गेली. पाटी एकदाच लागनार. फोटूशिवाय नाव लागला, म्हंजे गाव बोलला तेच खरं."

"आजीने सांगितलंय," रोशनी म्हणाली, "फोटो नाही तर नाव पण नको."

"तर तुमी बगा. एवढी वर्सं फोटोचं काम केला. इटलीचा हाय का नाय, सांगा. सही करून द्या."

चुरींनी चष्मा बदलला. फ्रेम मांडीवर घेतली, उजेडाकडे कलती केली. खाली पुठ्ठ्यावर स्टुडिओचा उठावदार शिक्का: न्यू मून, वसई. गाव उगीच म्हणत नव्हतं. जो तो हा शिक्का वाचून गेला असणार. मग नजर भिंतीवर गेली. काळीशार जुनी भिंत, फटींतून गवत, आणि वर, जिथे दगड निसटलाय तिथे, पिंपळाचं एक रोप. सात पानं. प्रत्येक पानाचं टोक डावीकडे वळलेलं.

चुरींचा ओठ मुडपला गेला. पिंपळाची पानं डावीकडे वळवायची खोड साऱ्या तालुक्यात एकाच ब्रशाला होती.

"ठेवून जा," एवढंच म्हणाले, "दोन दिवस बघतो."

रिक्षा गेली. द्वारकाबाई पाण्याचे पेले उचलत म्हणाल्या, "काय झालं? चेहरा असा का? फोटो खोटा निघाला काय?"

"फोटो खरा आहे गं. मी खोटा आहे."

"आता ह्या वयात कळलं तुम्हाला?" द्वारकाबाईंनी साठ वर्षांच्या संसारात एकही संधी सोडली नव्हती. मग नवऱ्याचा चेहरा नीट बघून त्या शेजारी बसल्या. "सांगा काय ते."

ते असं.

एकोणीसशे पासष्ट साल. चुरी एकवीस वर्षांचे. खाडीकाठच्या गावचा एक आगरी शेतकरी मुलीच्या लग्नाआधी स्टुडिओत आला. धोतर नेसलेला, ताठ. कनवटीतून त्याने एक तळहाताएवढा फोटो काढला, कडा झिजलेल्या. पलटणीबरोबर एक गोरा फोटोवाला फिरे, त्याने काढलेला. सुभेदाराने एक प्रत याला मिळवून दिलेली. म्हणाला, मांडवात लावायचाय, मोठा करा. तेव्हाची पद्धत अशी: लहान फोटो फळीवर टाचायचा, दोन दिव्यांच्या उजेडात त्या फोटोचा फोटो घ्यायचा, त्या निगेटिव्हवरून मोठा कागद काढायचा आणि कागदावर टचिंग. मोठं केलं की घाणही मोठी होते. चरे, डाग, घडीच्या रेषा. आग्नेल मास्तरांनी तो ओला कागद बघितला आणि म्हणाले, "लग्नाच्या मांडवात लावायचाय, भालचंद्र. बॅकग्राउंड स्वच्छ कर. तारा लोंबतायत, वासे लोंबतायत, सगळं घरच अंगावर पडल्यासारखं वाटतंय. बरं नाही दिसत."

भालचंद्रने स्वच्छ केलं. दोन दिवस बसून केलं. तारा गेल्या, खांब गेला, अर्धवट जळके वासे गेले. दुकानाची एक मोडकी पाटी होती, तीही गेली. पण काढलेल्या जागी काहीतरी भरावं लागतं. पडकी भिंत म्हणजे काय असते? हाताला विचारलं, हाताने उत्तर दिलं. जुना दगड, गवत, पिंपळ. बाँबने आठवड्यापूर्वी पडलेल्या भिंतीत पिंपळ कुठून येणार, हा प्रश्न वसईत वाढलेल्या पोराला कसा पडावा? त्याने बघितलेल्या सगळ्या भिंती दोनशे वर्षांपूर्वी पडल्या होत्या.

आग्नेल मास्तरांनी शाबासकी दिली. मांडवात वऱ्हाडाने किल्ला ओळखला. आणि पुढच्याच वर्षी उधाणात खाडीचा बांध फुटला, खारं पाणी घराघरांत शिरलं, शत्रुघ्नांची पत्र्याची पेटी तीन दिवस पाण्यात राहिली. पलटणीची कागदपत्रं आणि तो तळहाताएवढा फोटो, सगळ्याचा लगदा. भिंतीवर उंच टांगलेला तेवढा चुरींचा किल्ला वाचला.

"पण तुम्हाला काय ठाऊक की गाव त्याला नावं ठेवतंय?" द्वारकाबाई म्हणाल्या. "तुम्ही आगाशीचे, तो खाडीचा."

इथे चुरींनी बायकोला अर्धीच गोष्ट सांगितली.

उरलेली अर्धी अशी. अडुसष्ट साली त्याच गावच्या मंडळाने हनुमान जयंतीला एक फार्स बसवला. फार्सात एक थापाड्या हवालदार. उठताबसता "आम्ही इटलीत असताना" म्हणणारा. कोणावरून बेतलाय हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. हवालदाराच्या कामाला वसईहून स्टीवन नावाचा नकलाकार आणला होता, अफाट विनोदी माणूस. पडदा अर्थातच चुरींचा. किल्ला. रविवारी दुपारी शाळेच्या हॉलात रंगीत तालीम होती आणि चुरी पडद्याची दोरी नीट करायला गेले होते.

तालमीला शत्रुघ्न येऊन बसले. मागच्या बाकावर, हातात टोपी. स्टीवनने खांद्यावर लाकडी बंदूक टाकून, छाती काढून, पडद्यासमोरून तीन फेऱ्या मारल्या. सगळे हसले. शत्रुघ्न उठले. आता म्हातारा भांडणार, असं प्रत्येकाला वाटलं. म्हातारा कसला, सेहेचाळीस वर्षांचा असेल. ते सरळ स्टेजवर चढले आणि स्टीवनच्या खांद्यावरून बंदूक उतरवली.

"खांद्यावर नाय," ते म्हणाले. "पडक्या गल्लीत बंदूक पोटाशी धरायची. आनि कोपऱ्यावर आला का आधी डोला काढायचा, मंग बंदूक. नली आधी दिसली का पलीकडच्याला कलतं तू आलास."

आणि त्यांनी करून दाखवलं. स्टेजच्या कडेचा खांब म्हणजे कोपरा. पाठ खांबाला, गुडघे वाकलेले, आधी अर्धा डोळा, मग सगळं अंग एका झटक्यात. एवढ्या चपळाईने की विंगेत दोरी धरून उभा असलेला भालचंद्र चुरी दचकून मागे सरला. ते नाटक नव्हतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. अगदी स्वच्छ कळलं. हा माणूस त्या गल्लीत गेलेला आहे. आणि ती गल्ली मी पुसली.

स्टीवन आदबीने म्हणाला, "काका, तरीच फोटोत पोझ एवढी भारी आलीय!"

शत्रुघ्न साधा माणूस. खोटं बोलता येत नसे, हेच त्यांचं दुर्दैव. म्हणाले, "ती पोझच हाय. पयल्यांदा आमी धावलो तवा फोटोवाला मागं होता. गल्ली साफ झाली, मंग तो आला नि बोल्ला, 'वन्स मोर.' आमी परत धावलो."

वन्स मोर! मराठी रंगभूमीवर याहून मोठा शब्द नाही. गाणं रंगलं, प्रेक्षकांतून वन्स मोर आला, की नट पुन्हा उभा राहतो आणि त्याच्या सात पिढ्या उद्धरतात. हा शब्द लढाईच्या गोष्टीत, तोही त्या माणसाच्या तोंडून! हॉल फुटला. बाकं बडवली गेली. "म्हणजे काका, काम केलंत ना तुम्ही! कबूल केलंत!" दिग्दर्शकाने तिथल्या तिथे वाक्य लिहून घेतलं. उत्सवात फार्सला सर्वांत मोठा हशा कशाला मिळाला असेल, तर हवालदाराच्या "इटलीत आम्हांस वन्स मोर मिळाला" ह्या वाक्याला.

शत्रुघ्नांनी बंदूक स्टीवनच्या हातात परत दिली. "पोटाशी धर," एवढं पुन्हा सांगितलं आणि टोपी घालून गेले.

आणि भालचंद्र चुरी? तोंड उघडून दोन वाक्यं बोलायची होती. तो किल्ला माझा आहे, फोटोतला नाही. चोवीस वर्षांचं पोर, सगळी मंडळी ओळखीची, पुढच्या वर्षीच्या पडद्याचं काम त्यांच्याच हातात. चुरीही हसले.

धोंडूबाईंकडून दोन दिवसांची मुदत त्यांनी घेतली होती, ती माळ्यावरच्या डब्यांसाठी. स्टुडिओ बंद झाला तेव्हा आग्नेल मास्तरांची मुलगी रोझलिन जुनी निगेटिव्हं भंगारात घालायला निघाली होती. चुरींनी ती सगळी घरी आणली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरली आणि माळ्यावर ठेवली. टचिंग कागदावर होत असे, निगेटिव्हवर नाही. म्हणजे त्या दिवशी फळीवर टाचलेला फोटो जसा होता तसा अजून असला तर तिथेच असणार.

"माळ्यावर चढाल तर तुमचाच फोटो टांगावा लागेल मला," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि शेजारच्याला बोलावून डबे उतरवून घेतले. एकवीस डबे. दीड दिवस नवराबायको पाकिटं चाळत बसले. नवऱ्याने पाकीट काढायचं, बायकोने नाव वाचायचं.

"शत्रुघ्न गो. भोईर," द्वारकाबाईंनी वाचलं. "मोठा, एक प्रत, लग्न."

चुरींनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडावर धरलं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. चाळीस वर्षं हेच वाचलेलं, डोळ्याला आपोआप सुलटं दिसतं. पिंपळ नव्हता. गवत नव्हतं. ताज्या फुटलेल्या विटा, लोंबणारे वासे, वाकलेला विजेचा खांब. भिंतीवर दुकानाची पाटी. तीन शिपाई. आणि डाव्या कडेला, खाली, चुरी पार विसरलेली एक गोष्ट. दोन बूट. तळवे कॅमेऱ्याकडे, टाचा जमिनीला. आडव्या पडलेल्या माणसाचे.

खरं तर विसरलेले नव्हते. ब्रशाने पुसलं ते मनाने पुसू दिलं होतं. आग्नेल मास्तर म्हणाले होते, "घरात टांगायचा फोटो. मेलेल्याचे पाय कोण ठेवतं? काढ." आणि मोठा फोटो घ्यायला आले तेव्हा शत्रुघ्नांनी तो बराच वेळ बघितला होता. पिंपळाबद्दल काही बोलले नाहीत. बोट डाव्या कोपऱ्यावर ठेवून म्हणाले होते, "इथं बाबाजी होता."

"कोण बाबाजी?" आग्नेल मास्तरांनी विचारलं.

"संगमेश्वरचा. पयल्यांदा धावलो तवा पुढं तोच होता."

"घरात बरं नाही दिसत हो ते," आग्नेल मास्तर हळुवारपणे म्हणाले. शत्रुघ्नांनी मान हलवली आणि फोटो काखेत मारून गेले.

वन्स मोरचा अर्थ आता, एक्क्याऐंशीव्या वर्षी, चुरींना पुरता लागला. पहिल्या खेळात जो पुढे होता तो दुसऱ्या खेळात आडवा होता, आणि त्याला ओलांडून हे तिघे पुन्हा धावले होते, कारण फोटोवाल्याने सांगितलं.

चुरींनी रोशनीला फोन लावला. ती दुपारीच आली. निगेटिव्ह खिडकीच्या काचेला लावून तिने मोबाईलवर टिपलं, दोनदा बोट फिरवलं, आणि फोटो सुलटा झाला. आग्नेल मास्तर हयात असते तर त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली असती.

"आजोबा! हे तर पूर्ण वेगळंच आहे. पाटी वाचता येते. एफ, ओ... फोर्नो. थांबा." तिने मोबाईलला विचारलं. "इटालियनमध्ये भट्टी. बेकरी!"

"तुझ्या आजीला आणि कमिटीला एकत्र बोलाव," चुरी म्हणाले. "मला दोघांसमोर सांगायचंय."

मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर रविवारी सकाळी मंडळी जमली. कल्पेश, टेम्पोचा धंदा असलेला चाळिशीचा तरतरीत माणूस, कमिटीचे आणखी चार-पाच जण, धोंडूबाई खुर्चीवर. रोशनीने मोठा छापून आणलेला फोटो मधोमध ठेवला. मग कल्पेश वाकून म्हणाला, "पण हे फोर्नो पोर्तुगीजमध्ये पण भट्टीच ना? आमच्या शेजारची लुसीआजी पावाच्या भट्टीला फोर्न बोलायची. किल्ल्यात पोर्तुगीजांची बेकरी असेल की."

दोघांनी माना डोलावल्या. वसईत हा मुद्दा कोणालाही पटेल.

"असेल," चुरी म्हणाले. "आणि त्या बेकरीला विजेचा खांब पेशव्यांनी दिला काय?"

ओटा हसला. कल्पेशही हसला, आणि हसता हसता त्याने पुन्हा फोटोकडे बघितलं, यावेळी नीट. "च्यायला," तो म्हणाला, "खरंच इटली."

"मग जुन्या फोटोत किल्ला कुठून आला?" मागून कोणीतरी विचारलं.

"मी काढला," चुरी म्हणाले. त्यांनी सगळं सांगितलं. तारा, वासे, पाटी, पिंपळ. धोंडूबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हलत नव्हता.

"मंग तुमाला ठावं नव्हता, का आमाला काय बोलत्यात ते," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांनी चुरींना सुटायला दार उघडून ठेवलं होतं. बाई मनाने मोठी. हो म्हटलं असतं तर संपलं असतं.

"ठाऊक होतं, धोंडूबाई. अडुसष्टच्या तालमीत मी विंगेत होतो. तुमचे वडील कोपरा कसा घ्यायचा ते दाखवत होते. मला तिथेच कळलं. सगळे हसले. मीही हसलो."

धोंडूबाईंनी पदराने तोंड पुसलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊन बापूस जेवला नाय. आयस बोल्ली, पोट दुखतंय का? तो बोल्ला, नाय, पोरं हुशार हात." मग त्यांनी कल्पेशकडे तोंड वळवलं. "फोटू लागेल?"

"लागेल आत्या. लागेल म्हणजे काय, मधोमध लागेल." कल्पेशने फोटो उचलला, मग जरा घुटमळला. "फक्त ते खाली डावीकडे... पाय आहेत ना? वेशीवरची पाटी, येताजाता लग्नाच्या वराती जाणार. बरं नाही दिसत. कॉम्प्युटरवर काढता येतील. किंवा चुरीकाका, तुम्हीच जरा..."

"एकदा काढले होते," चुरी म्हणाले. "आता नाही काढणार."

"कोनाचे पाय ते?" धोंडूबाईंनी विचारलं. चुरींनी बाबाजीचं सांगितलं. संगमेश्वरचा, पहिल्या धावेत पुढे असलेला. आडनाव माहीत नाही.

"बापसाने आमाला कदी सांगितला नाय," त्या म्हणाल्या. मग कल्पेशला, "राहूंदे. नि त्याचा पन नाव खाली लिवा. आडनाव नसलं तरी चालेल. गावचा नाय, पन आलाय फोटूत."

कमिटीत थोडी कुजबूज झाली. गावच्या पाटीवर बाहेरचं नाव कसं? पण धोंडूबाईंच्या आवाजापुढे कुजबूज किती टिकणार! ठरलं.

"आनि चुरीभाऊ, तुमी पाटीच्या दिवशी यायचा. माइकवर सांगायचा. मी सांगून गावाला पटायचा नाय, मी किल्लेदाराची. ज्यानं किल्ला काढला त्यानं सांगायचा."

चुरी उभ्या आयुष्यात पडद्यापुढे आले नव्हते. साठ वर्षं नाटकमंडळींत वावरून त्यांनी "राजे, शत्रू आला" एवढं वाक्यदेखील कधी म्हटलं नव्हतं. द्वारकाबाईंनी चार दिवस तालीम घेतली. कागदावर लिहून काढलं, मोठ्या अक्षरांत. "खोकू नका, पुटपुटू नका, आणि ओठ मुडपू नका," एवढ्या तीन सूचना.

पाटी एप्रिलमध्ये लागली. सकाळी दहाची वेळ, वेशीवर छोटा मांडव, शे-दीडशे माणसं, शाळेची मुलं, बँड. चार फोटो संगमरवरावर बसवलेले. शत्रुघ्नांचा मधोमध नव्हता, उजव्या टोकाला होता. मध्ये कोणाला ठेवायचं यावर दुसऱ्या एका घराने हरकत घेतली होती. बूट होते. खाली बारीक अक्षरांत: डावीकडे पडलेले, बाबाजी, संगमेश्वर.

पुढारी बोलले, कल्पेश बोलला, मग चुरींचं नाव पुकारलं गेलं. ते उठले. माइक उंच होता, कोणीतरी खाली केला. पहिलं वाक्य गिळलं गेलं, दुसरं ऐकू आलं. मग आवाज लागला. त्यांनी सांगितलं की मी फोटोवाला नाही, फोटो पुसणारा. ह्या गावात साठ वर्षं जो किल्ला बघितला गेला तो माझ्या हातचा होता. शत्रुघ्न गोमा भोईर ह्या गल्लीत दोन वेळा धावले, एकदा लढाईसाठी, एकदा फोटोसाठी, आणि त्यांनी दोन्ही गोष्टी कधी लपवल्या नाहीत. लपवलं ते मी. माफी असावी. एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी घातली. टाळ्या सुरू झाल्या. बऱ्या होत्या.

पुढच्या रांगेत धोंडूबाई नव्या लुगड्यात बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात वर करून त्यांनी टाळ्या थांबवल्या.

"ते हसल्याचा राहिला," त्या खुर्चीवरूनच म्हणाल्या. "ते पन सांगा."

चुरी अर्धे वळले होते. त्यांनी बायकोकडे बघितलं. द्वारकाबाईंनी मान हलवली, जा म्हणून. ते परत माइकपाशी गेले, या वेळी कागदाशिवाय, आणि त्यांनी तेही सांगितलं.